दोन वह्यांचे इंजिन

गेल्या मे महिन्यात माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पण दिवा काही विझेना. म्हणून बसस्थानकामागच्या गॅरेज लाइनीत गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी आहे. दहावीला मराठीत काठावर पास झालेला, पण हात मात्र सोन्याचा. मला पाहून उठला, "सलाम सर" म्हणाला, खुर्ची पुसून दिली आणि स्टेअरिंगखाली हात घालून एक छोटी डबी खोचली. मोबाइलवर आकडे धावायला लागले. त्याचे वालिद याच लाइनीत मिस्त्री होते. ते बोनेटवर कान ठेवून इंजिनाचे दुखणे ओळखत. मुलगा आता स्क्रीनवर वाचतो.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोठी डिझेल गाडी घेऊन आले. पिकअप वाढवायचा, ॲव्हरेजही वाढवायचे आणि 'ईजीआर' कायमचा बंद करायचा. आता त्यासाठी पाना लागत नाही, लॅपटॉप जोडून गाडीच्या मेंदूतली फाइल बदलली की झाले. गिऱ्हाईक चहाला गेल्यावर पोरगा हळू आवाजात म्हणाला, "सर, करू का नको? पैसे चांगले मिळतात. पीयूसीत बी पकडत नाही." मी उर्दू-मराठीचा शिक्षक, इंजिनातले मला काय कळणार? मी गप्प राहिलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. सुट्टी होतीच, वाचत गेलो. वाचता वाचता एका जगप्रसिद्ध फसवणुकीपर्यंत पोहोचलो. तिचा एक धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येतो.

गाडीला मेंदू का लागला?

गाडीत संगणक आला तो वेगासाठी नव्हे, धुरासाठी. १९४३ च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर इतका दाट, डोळे चुरचुरवणारा धूर पसरला की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. दुसरे महायुद्ध चालू होते. पुढे कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी दाखवून दिले की मोटारींतून निघणारे न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हा धूर तयार होतो. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. १९७० च्या कायद्याने अमेरिकेतल्या सगळ्या कंपन्यांना गाड्यांमधले विषारी वायू जवळजवळ ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितले.

हे काम कार्ब्युरेटरच्या स्क्रूने होण्यासारखे नव्हते. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी नेमकी कधी, याचा हिशेब क्षणाक्षणाला करायला हवा होता. १९७६ मध्ये व्होल्वोने सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला. १९७९ मध्ये बॉशची 'मोट्रॉनिक' प्रणाली बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली, तिच्यात इंधन आणि ठिणगी दोन्हींचा कारभार एकाच डबीकडे होता. आपल्याकडचे मिस्त्री या डबीला 'ईसीएम' म्हणतात.

डबीतला कार्यक्रम सुरुवातीला एका चिपवर पक्का कोरलेला असे. तो पुसायला चिपवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. त्या काळातले शौकीन लोक चिपच काढून दुसरी बसवत, 'चिप ट्यूनिंग' हा शब्द तिथूनच आला. मग तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी नवी स्मृती शोधली, १९८४ मध्ये ती जगासमोर मांडली. विजेने एका झटक्यात पुसली जाते, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी, म्हणून एका सहकाऱ्याने नाव सुचवले 'फ्लॅश'. आज आपल्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये तीच आहे. ती गाडीच्या डबीत आली आणि डबी न उघडता, नुसती वायर जोडून, इंजिनाचा मेंदू पुसून नव्याने लिहिणे शक्य झाले. माझा विद्यार्थी ज्याला 'रिमॅप' म्हणतो ते हेच.

आणि ती स्टेअरिंगखालची सोळा पिनांची जागा? तीही धुराचीच देणगी. धूर आवरणारी यंत्रणा बिघडली तर मालकाला कळावे म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम आणला. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना एकच भाषा आणि एकाच आकाराचा सॉकेट सक्तीचा झाला. आपल्याकडे भारत स्टेज-४ बरोबर २०१० पासून हे हळूहळू आले. पिवळा दिवा म्हणजे गाडीने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष.

या भाषेचे व्याकरण सोपे आहे, मला तर आवडलेच. डबीला प्रश्न विचारायचा, ती आकडे देते. इंजिनाचे फेरे विचारले की दोन आकडे येतात. पहिल्याला २५६ ने गुणायचे, दुसरा मिळवायचा, चारने भागायचे. २६ आणि २४८ आले तर ६,६५६ अधिक २४८ म्हणजे ६,९०४, त्याचे चौथे हिस्से १,७२६ फेरे. पाण्याचे तापमान विचारले तर आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे. १३२ आला तर ९२ अंश. असे आकडे सेकंदासेकंदाला लिहून ठेवले की गाडीची वही तयार होते. रस्त्यावर काय घडले ते या वहीवरून नंतर कुणीही तपासू शकतो. निदान आपली तशी समजूत असते.

रस्त्यावरची वही

दुकानदार दोन वह्या ठेवतो, एक सरकारी बाबूला दाखवायची आणि एक खरी, हे आपल्याला नवीन नाही. मोटार कंपन्यांनीही हा प्रयोग लवकर केला. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकात कॅडिलॅक गाड्यांतली चिप अशी लिहिली की एसी चालू झाला की इंजिनाला जास्त इंधन मिळे आणि धूर वाढे. तपासणी एसी बंद ठेवून होत असे. १९९५ मध्ये कंपनीने सुमारे ४ लाख ७० हजार गाड्यांसाठी साडेचार कोटी डॉलरची तडजोड केली. १९९८ मध्ये तर ट्रकची इंजिने बनवणाऱ्या सात बड्या कंपन्या एकदम सापडल्या. त्यांची इंजिने शहरी तपासणीत नियम पाळत आणि हायवेला लागली की इंधन वाचवण्यासाठी नियम सोडून देत. हे लोक विसरले. २०१५ चे प्रकरण मात्र विसरता येण्याजोगे नाही.

त्यासाठी डिझेलचा स्वभाव थोडा समजून घ्यायला हवा. डिझेल जितके गरम आणि जोरात जळेल तितकी ताकद आणि ॲव्हरेज चांगले. पण त्याच गरमीत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. ती फुप्फुसांना जाळतात, दम्याच्या मुलांना त्यांचा त्रास सर्वांत आधी होतो. उपाय म्हणजे जळालेला वायू थोडासा परत इंजिनात सोडायचा, म्हणजे आग मंदावते. हाच तो ईजीआर. पण मग काजळी वाढते, फिल्टर लवकर भरतो, पिकअप मरतो. दुसरा उपाय म्हणजे धुरावर युरियाचे द्रावण फवारायचे, पण त्याची टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. म्हणजे स्वच्छ हवेची किंमत कुठे ना कुठे मोजावीच लागते. फोक्सवॅगनने अमेरिकेत जाहिरात केली की आमचे डिझेल ताकदीचेही आहे, कमी पिणारेही आहे आणि स्वच्छही.

स्वच्छ परिवहनासाठी काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेला वाटले, अमेरिकेत कडक नियमांमुळे डिझेल स्वच्छ झालेच असणार, ते मोजून युरोपला दाखवू. संशय असा नव्हताच, उलट कौतुक करायचे होते. काम मिळाले वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगशाळेला. डॅन कार्डर तिचे प्रमुख, बरोबर मार्क बेश, आणि अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पण्णा ही दोन भारतीय नावे. २०१३ मध्ये त्यांनी तीन डिझेल गाड्या मिळवल्या, एक जेट्टा, एक पसाट आणि एक बीएमडब्ल्यू एक्स-५. डिकीत धूर मोजणारे यंत्र, सायलेन्सरला नळी, वीज पुरवायला मागे बांधलेला जनरेटर. हे सगळे घेऊन ते कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फिरले. पसाट तर लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत नेऊन परत आणली, जवळजवळ ४,००० किलोमीटर. एकीकडे यंत्र धूर लिहीत होते, दुसरीकडे त्या सोळा पिनांतून इंजिन आपले आकडे देत होते.

आकडे जुळेनात. प्रयोगशाळेत, रोलरवर, गाड्या शहाण्या मुलासारख्या वागत. रस्त्यावर जेट्टा मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाट ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडत होती. बीएमडब्ल्यू बहुतेक वेळा मर्यादेत होती, म्हणजे यंत्र बिघडले असे म्हणायलाही जागा नव्हती. मे २०१४ मध्ये अहवाल निघाला. त्यात कंपनीचे नाव नव्हते, गाड्यांना फक्त 'अ', 'ब', 'क' अशी अक्षरे दिली होती. फसवणूक हा शब्दही नव्हता. फक्त वही होती.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने विचारणा केली तेव्हा कंपनीने सांगितले की किरकोळ तांत्रिक गोष्ट आहे, सॉफ्टवेअर बदलून देतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे ५ लाख गाड्या परत बोलावल्या. मालकांनी गाड्या भरवशाने सर्व्हिस सेंटरला नेल्या, तिथल्या पोरांनी लॅपटॉप जोडला, मेंदू पुसून नवा लिहिला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात कंपनीने जे कबूल केले, त्यात असेही आहे की या दुरुस्तीच्या निमित्ताने खोटे बोलण्याची युक्ती आणखी धारदार केली गेली. गाडी आता स्टेअरिंग किती वळते तेही पाहू लागली. रोलरवर चाके फिरतात, स्टेअरिंग सहसा वळत नाही. म्हणजे धुराच्या दुरुस्तीसाठी नेलेली गाडी अधिक हुशार खोटारडी होऊन घरी आली! ज्या पोराने ती वायर जोडली त्याला याची सुतराम कल्पना नसणार. मला त्या अनोळखी पोराच्या जागी माझाच विद्यार्थी दिसत राहिला.

मंडळाने दुरुस्त गाड्या पुन्हा रस्त्यावर नेल्या, पुन्हा तोच धूर. शेवटी पुढच्या वर्षीच्या गाड्यांना परवानगीच देत नाही म्हटल्यावर ३ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीने कबुली दिली आणि १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली. तिथे ४ लाख ८२ हजार गाड्या, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख. पाच दिवसांत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला. पुढे अब्जावधी डॉलर भरावे लागले, दोन अभियंत्यांना अमेरिकेत तुरुंगवास झाला.

खोटे वाचणारा माणूस

पण ते खोटे नेमके कुठे, कसे लिहिले होते? हे सांगितले जर्मनीतल्या फेलिक्स डोम्के या माणसाने. त्याच्याकडे स्वतःची फोक्सवॅगन शरान होती. त्याने ईबेवरून तसलीच एक डबी विकत घेतली, तिच्यातला कार्यक्रम बाहेर काढला आणि ओळ न ओळ वाचला. मग स्वतःच्या गाडीचे आकडे चालता चालता नोंदवून ताडून पाहिले. डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या हॅकर मंडळींच्या संमेलनात त्याने ते मांडले.

युरोपची तपासणी ठरलेली असे. १,१८० सेकंद, ११ किलोमीटर, कोणत्या सेकंदाला कोणता वेग तेही ठरलेले. कार्यक्रमात वेळ आणि अंतर यांच्या मर्यादारेषा होत्या. गाडी सुरू झाल्यापासूनचे अंतर त्या रेषांच्या आत राहिले तर समजायचे की परीक्षा चालू आहे, नियमाने वागा. रेषा ओलांडली की समजायचे, आता कुणी पाहत नाही, युरिया कमी करा. गाडी रस्त्यावर काढून जरा वेगळी चालवली की काही वेळातच ती आपला खरा स्वभाव दाखवी. गंमत म्हणजे या सगळ्याला कार्यक्रमात नाव दिले होते 'आवाजाची अट'. डिझेलचा खडखडाट कमी करण्याच्या कामावरून हे नाव पडले होते म्हणतात. भाषेच्या शिक्षकाला याचे नवल वाटू नये. वाईट कामाला साळसूद नाव देण्याची पद्धत फार जुनी आहे.

२०१७ मध्ये डोम्के आणि विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून कंपनीच्या ९०० हून अधिक कार्यक्रमांची छाननी केली. त्यांतल्या ४०० हून अधिकांत हीच युक्ती असल्याच्या खुणा सापडल्या.

आता कायद्याचा विनोद पाहा. अमेरिकेत गाडीतल्या सॉफ्टवेअरवर लेखकाचा हक्क लागू होतो आणि त्याचे कुलूप तोडणे गुन्हा ठरू शकत होते. मालकांना व संशोधकांना सूट द्या अशी मागणी झाली. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे म्हणणे होते की सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या मालकीचे नाही, त्याला ते फक्त वापरायची मुभा आहे. जुलै २०१५ मध्ये खुद्द पर्यावरण खात्याने सूट देऊ नका असे कळवले, कारण लोक गाडीचा मेंदू बदलून धूर वाढवतील. दोनच महिन्यांनी त्याच खात्याला फोक्सवॅगनला नोटीस काढावी लागली. ऑक्टोबरमध्ये सूट मंजूर झाली.

मी या वादात संशोधकांच्या बाजूचा आहे. ज्या यंत्राचा धूर माझ्या गल्लीत येतो त्याच्या मेंदूत काय लिहिले आहे हे वाचायची मुभा कुणाला तरी हवीच. पण खात्याची भीतीही खोटी नव्हती, हे मान्य करायला हवे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच खात्याचा अंदाज आला की मागच्या दशकभरात अमेरिकेत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप गाड्यांची धूर आवरणारी यंत्रणा मालकांनी स्वतःच काढून टाकली. त्यामुळे त्या गाड्यांच्या आयुष्यात ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइडे हवेत जाणार. फोक्सवॅगनला शिव्या घालणारे आणि गॅरेजात 'पिकअप वाढवून द्या' म्हणणारे, दोघेही एकाच मापात पाप करतात. फरक इतकाच की एकाने ते लपवले, दुसरा पैसे देऊन उघड करून घेतो.

पुण्याच्या टेकडीवर

आता आपल्याकडे. पुण्यात वेताळ टेकडीवर 'एआरएआय' आहे, १९६६ पासूनची गाड्या तपासणारी संस्था. बातमी फुटल्यावर सरकारने तिला भारतातल्या गाड्या तपासायला सांगितले. रस्त्यावरचा धूर भारत स्टेज-४ च्या मर्यादेच्या ५ ते ९ पट निघाल्याचे सरकारने सांगितले. आपली मर्यादा अमेरिकेइतकी कडक नव्हती. तिथे एका मैलाला ०.०७ ग्रॅम, इथे किलोमीटरला ०.२५ ग्रॅम. तीही ओलांडलेली. १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या. त्यांत फोक्सवॅगन १ लाख ९८ हजार ५००, स्कोडा ८८ हजार ७०० आणि ऑडी ३६ हजार ५००. उपाय काय? सॉफ्टवेअर बदलून देणे. पुन्हा तीच वायर.

आम्ही भारतातले नियम मोडलेले नाहीत अशी कंपनीची भूमिका राहिली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपये दंड ठोठावला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. अमेरिकेत मालकांना गाडी परत देऊन पैसे घेण्याचा पर्याय मिळाला होता. इथल्या मालकाच्या वाट्याला सर्व्हिस सेंटरचा फोन आला. चाकण आणि औरंगाबादच्या शेंद्र्यात याच समूहाचे कारखाने आहेत, आपल्याच भागातली मुले तिथे राबतात. त्यामुळे आपल्याकडे या विषयावर मोठ्याने बोलणे झाले नाही असे मला वाटते. पोटाचा प्रश्न आला की आवाज आपोआप खाली येतो.

एक चांगले झाले. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे नव्या मॉडेलला रस्त्यावरच्या धुराची परीक्षाही द्यावी लागते, वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या लोकांनी डिकीत यंत्र ठेवून घेतली तशी. पण रस्त्यावर आधीच असलेल्या गाडीचे काय? तिच्यासाठी पीयूसी. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धुराचा काळेपणा पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे तिथे मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला तर उलट काजळी कमीच होते. म्हणजे माझा विद्यार्थी खरेच बोलत होता, पीयूसीत पकडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई आहे, पण मेंदूत काय लिहिले हे चौकातला हवालदार पाहणार कसा?

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. मोबाइलवर त्या सिॲटलच्या सफरीची गोष्ट सांगितली, शरानवाल्याची सांगितली. पोरगा हातातला पाना तसाच धरून ऐकत होता. सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपची हकीकत आली तेव्हा म्हणाला, "या अल्लाह! मशीन बी झूट बोलती, सर?" मी म्हणालो, मशीनला कुणीतरी ते लिहून दिले. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्या डिझेल गाडीचे काय झाले ते मी विचारले. त्याने काम केले नव्हते. ईजीआर खोलून काजळी साफ करून दिली, दीड तास लागला, पैसे चौथा हिस्साही मिळाले नाहीत. गिऱ्हाईक खूश नव्हते. पुढच्या आठवड्यात चार दुकाने सोडून पलीकडे गेले आणि वीस मिनिटांत मेंदू बदलून घेऊन आले, जाताना मुद्दाम याच्या दारात एक्सलेटर दाबून गेले. "त्या भावानं पाच मिनिटांत माझं गिऱ्हाईक नेलं," तो हसत म्हणाला, पण हसू खरे नव्हते. घरात दोन लहान मुली आहेत, धाकटीला पावसाळ्यात दम लागतो, पंप घ्यावा लागतो. दुकानाच्या वरच राहतात.

माझ्या गाडीचा पिवळा दिवा ऑक्सिजन सेन्सरचा निघाला. १९७६ च्या व्होल्वोत होता तोच. नवा बसवला, डबीतली चूक पुसली. त्याने पैसे घ्यायला नकार दिला, मी ते जबरदस्तीने त्याच्या खिशात कोंबले. मग त्याने ती मोबाइलवाली डबी मला आठवडाभर वापरायला दिली. आता शाळेत जाताना मी आकडे पाहतो. पाणी ९२ अंश, कधी ९४.